मांजराचं घड्याळ आणि जात्याची वेळ



आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच काही जणींना हसू आलं. पाण्यावर बोलावं, बचत गटाच्या हप्त्यावर बोलावं, मुलींच्या शाळेवर बोलावं. मांजरावर काय बोलायचं? पण पहाटे साडेतीन-चारला उशाशी येऊन ओरडणारं, पांघरुणाखाली हललेल्या बोटावर झडप घालणारं, दार खरवडत बसणारं मांजर ज्या घरात आहे, त्या घरच्या बाईला विचारा. अकरा-बाराला कुठे पाठ टेकलेली असते, सहाला उठून डबे करायचे असतात, आणि मधल्या झोपेचे दोन तुकडे होतात. असे पंधरा दिवस गेले की डोकं जड होतं, जेवणावर मन राहत नाही, पोरांवर विनाकारण ओरडणं सुरू होतं. मग कोणीतरी शहाणपण सांगतं, "पोत्यात घाला नि नदीपलीकडे सोडून या."

आमचं म्हणणं एवढंच, की पोतं शोधायच्या आधी या मांजराचा इतिहास ऐकून घ्या. ते पहाटेच का उठवतं, आणि घरात चार माणसं असताना तुम्हालाच का उठवतं, या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं आपल्या सातारा-सांगलीच्या घरांच्या इतिहासात आहेत. इतिहास काही नुसता गड-किल्ल्यांचा आणि तहांचा नसतो. तो कणगीचा असतो, जात्याचा असतो आणि झोपेचाही असतो.

कणगीची राखण

कुत्रा माणसाने जवळ केला, गाय-बैल माणसाने दावणीला बांधले. मांजर मात्र आपल्या पायाने आलं, असं संशोधक मानतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. समुद्रातल्या बेटावर ते पोहत गेलेलं नसणार. कोणीतरी नावेत घालून नेलं असणार. आपल्याकडे सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो या गावी एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर पळालं आणि त्याच्या मागे कुत्रा धावला, दोघांच्या पावलांचे ठसे तसेच राहिले. चार हजारांवर वर्षं झाली, पण ती धावपळ आपल्या गल्लीतलीच वाटते.

म्हणजे मांजराला घरात जागा मिळाली ती लाडासाठी नव्हे, रात्रपाळीसाठी. लंडनच्या टपाल खात्याने तर १८६८ साली मनीऑर्डरच्या कचेरीत उंदीर फार झाले म्हणून तीन मांजरं रीतसर कामावर ठेवली आणि त्यांच्या खर्चाला आठवड्याला एक शिलिंग मंजूर केला. आपल्या घरांत पगाराची पद्धत नव्हती. वाटीभर दूध, भाकरीचा कुस्करा आणि चुलीपाशी ऊब, एवढ्यावर काम चालायचं.

काम काय होतं, ते समजायला आपली जुनी घरं डोळ्यांपुढे आणा. सोपा, माजघर, त्यामागे चूल, मागे परसू, शेजारी गोठा, वर माळवद. सातारा आणि सांगली हे तेव्हा दोन जिल्हे नव्हते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. पण माणदेशातलं असो की जतकडचं, घराचा जीव एकाच गोष्टीत असायचा, वर्षाच्या धान्यात. सुगी झाली की ज्वारी कणगीत भरायची. कणगी म्हणजे कामट्यांची मोठी टोपली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. लिंपायचं काम बायकांचं, उपसायचं काम बायकांचं, आणि आषाढ-श्रावणात तळ दिसू लागला की जीव टांगणीला लागायचा तोही बायकांचाच.

ज्यांच्याकडे धान्य जास्त, ते जमिनीत पेव करायचे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या परिसरात, हळदीची पेवं प्रसिद्ध होती. खोल खड्डा, आतून नीट केलेला, हळद भरून तोंड मातीने बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून किडा जगत नाही आणि उंदराला वाट मिळत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, कारण आतली हवा माणसालाही पुरत नाही. २००५च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरून मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीच्या नावामागे ही पेवंही आहेत.

पण पेव व्यापाऱ्याचं आणि मोठ्या शेतकऱ्याचं. सामान्य घरात कणगीच, आणि कणगी उंदराला कुरतडता येते. रात्री दिवा विझला की कणगीशी खुडबुड सुरू. तिथे मांजर लागायचं. माणसाला दिसायला जेवढा उजेड लागतो, त्याच्या सहाव्या हिश्शात मांजराचं भागतं. त्यात त्याची शिकारीची खरी वेळ भर मध्यरात्रही नव्हे, संधिप्रकाशाची. दिवेलागण आणि पहाट. उंदीरही तेव्हाच बाहेर पडतात. ही वेळ त्याच्या अंगात हजारो वर्षांची मुरलेली आहे. तुमच्या घरची मनी आज गादीवर निजत असली, तरी तिचं अंग कणगीच्या पाळीवरच आहे.

या राखणदाराबद्दल बायकांच्या मनात दोन्ही भावना होत्या, आणि त्या घरातल्या वस्तूंत नि बोलण्यात उमटल्या. उंदरापासून धान्य राखायला मांजर, आणि मांजरापासून दूध-लोणी राखायला शिंकं. आढ्याला टांगलेलं शिंकं ही मांजराविरुद्ध केलेली साधी, पण पक्की सोय. तरी शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, अशी म्हण पडायची ती पडलीच. दुसरीकडे, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, असं जुनी माणसं सांगत. सोन्याचं मांजर कोणाला परवडणार? म्हणजे मारू नका, एवढाच त्याचा अर्थ. धान्य राखणाऱ्याला लोकांनी असं अभय दिलं. बाळंतिणीच्या खोलीत जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहनही मांजरच. जिथे दूध, धान्य आणि मूल, तिथे मांजर. आणि तिथेच घरची बाई. दोघींची कामाची जागा एकच होती.

उंदीर पडले तेव्हा

या जागेवर एकदा फार मोठं संकट आलं. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती, उंदरांचं राज्य. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आपल्या सातारा जिल्ह्यातले हजारो लोक होते. लोक घाबरून गावी परतले आणि १८९७पासून रोग आपल्याकडेही पसरला. आपल्या साताऱ्याची लेक, नायगावच्या सावित्रीबाई फुले, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली होती.

गावोगाव एक खूण ठरून गेली: उंदीर पडले की गाव सोडायचं. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या बांधून राहायला जायची. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरच्या पिसवा रोग पसरवतात. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे येतात. तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५नंतर मुंबईत मोठे प्रयोग झाले आणि ते सिद्ध झालं. मागे वळून पाहिलं तर गाव सोडणाऱ्या बायाबापड्यांचा अनुभव बरोबरच होता.

याच काळात मांजराचं नाव सरकारदरबारी पोचलं. १९०८च्या सुमारास वऱ्हाडात अमरावतीला असलेले लष्करी डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी मांडलं की ज्या वस्तीत घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग कमी. सापळे आणि विषापेक्षा मांजर स्वस्त आणि बरं, असं त्यांचं म्हणणं. प्लेग पाहायला १८९७ साली मुंबईत येऊन गेलेले जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही पुढे मांजरं पाळण्याचा सल्ला दिला. आज आपल्याला ठाऊक आहे की गोष्ट इतकी सरळ नाही. मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसाला. म्हणून प्लेग मांजराने घालवला, असं आम्ही म्हणणार नाही. पण कणगीपाशी रात्री जागणाऱ्या या जनावराची दखल शास्त्राला घ्यावी लागली, एवढं खरं.

पहाट कोणाची होती

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मांजर पहाटे चारला जागं होतं, हे नवं नाही. मग आपल्या आज्या-पणज्यांनी त्याची तक्रार का केली नाही?

कारण त्या आधीच उठलेल्या असायच्या. कोंबडा आरवायच्या आत जात्यावर बसायचं. घरात आठ-दहा माणसं, भाकरी तिन्ही वेळेला, म्हणजे रोजचं दळण रोज. एकीला ओढलं नाही तर जावा-जावा, नणंद-भावजय समोरासमोर बसून खुंटा ओढायच्या. त्या अंधारात ओव्या व्हायच्या. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीचं लग्न, विठ्ठल, सगळं त्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून बायांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं वाङ्मय ज्या वेळेत जन्मलं ती हीच वेळ, मांजर आज आपल्याला उठवतं ती. जात्याची घरघर सुरू असायची, मांजर कणगीमागे दबा धरून बसलेलं असायचं, मग चूल पेटली की येऊन ऊब घ्यायचं. कोणी कोणाला उठवायचा प्रश्नच नव्हता. दोघींचीही पाळी एकच.

आम्ही हे गोड करून सांगत नाही. ती पहाट कष्टाची होती. तळहाताला घट्टे पडायचे, गरोदरपणीही जातं सुटायचं नाही, आणि आजारी बाईची झोप मोडली तर तिला विचारणारं कोणी नव्हतं. आपल्या भागातल्या बायकांनी रात्री किती प्रकारे जागवल्या! १९४२ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री गावात यायचे, तेव्हा निजलेली चूल पुन्हा पेटवून भाकरी थापल्या कोणी? क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना ही नावं इतिहासात आली. मध्यरात्री पीठ मळणाऱ्या हातांपैकी फार थोड्यांची आली. बाईने उठायचं असतंच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मांजराच्या प्रश्नात ती परत येणार आहे.

जातं थांबलं, मांजर थांबलं नाही

मग पहाट बदलली. ती कशाने बदलली? गिरणीने.

आपल्या सांगली जिल्ह्यात, तेव्हाच्या औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर झाले, कडबा कापायची यंत्रं झाली. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं आणि बायकांच्या कष्टांवर, शिक्षणावर, संसारावर उघड लिहिलं जाऊ लागलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तेलावर चालणारी अशी इंजिनं विहिरीवर बसली, तशी पिठाच्या गिरणीतही बसली. पुढे १९६२ साली कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत तारा गावोगाव पोचल्या. दुष्काळी तालुक्यांत उशिरा, वाड्या-वस्त्यांवर त्याहून उशिरा, पण पोचल्या. डोक्यावर पाटी घेऊन गिरणीत जायचं आणि तासाभरात आठवड्याचं पीठ घेऊन यायचं. बाईची पहाटेची दोन-तीन तासांची ओढ सुटली. आपल्या मते आपल्या घरांतल्या मोठ्या क्रांत्यांपैकी ही एक; तिचा पुतळा मात्र कुठे नाही.

विजेने दुसरंही केलं. दिवा उशिरापर्यंत जळू लागला. मग रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. आठ-नऊला झोपणारं गाव अकराला झोपू लागलं. झोप दोन्ही टोकांनी पुढे सरकली.

धान्याचंही तेच झालं. कणगीऐवजी पत्र्याची कोठी आली, जिला उंदीर कुरतडू शकत नाही. १९७२च्या दुष्काळात तर कणग्याच रिकाम्या झाल्या आणि बाया खडी फोडायला गेल्या. पुढे ऊस, द्राक्ष, डाळिंब अशी पिकं वाढली तशी घरात वर्षाची ज्वारी भरायची पद्धत कमी झाली. महिन्याचा किराणा डब्यात, डबे फडताळात. माळवद जाऊन स्लॅब आला, खिडक्यांना जाळ्या आल्या. साताऱ्यात, सांगलीत, कराडात, मिरजेत फ्लॅट झाले, तिथे तर परसूही नाही.

आता मांजराचं काय झालं बघा. कणगी गेली, उंदीर घरात फिरत नाही, बाहेर जायची वाट बंद, जातं थांबलं. दिवसा सगळे कामाला, शाळेला. ते एकटं, म्हणून दिवसभर झोपतं. वाटीत आयतं खाणं. आणि पहाटे चारला त्याच्या अंगातलं जुनं घड्याळ वाजतं. शिकार करायला काही नाही, म्हणून तुमच्या पायाची बोटं. घरात जागं कोणी नाही, म्हणून हाक. त्याने घड्याळ बदललं नाही, आपण बदललं.

ते तुम्हालाच का उठवतं

मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना फारसं म्याव करत नाहीत. म्याव हे पिल्लांचं आईशी आणि मांजराचं माणसाशी बोलणं. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या करेन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की खाणं मागताना काही मांजरं आपल्या घुरघुरीत एक बारीक रडवा स्वर मिसळतात. त्या स्वराचं लहान बाळाच्या रडण्याशी साम्य आहे. ऐकणाऱ्याला ती घुरघुर निकडीची वाटते, दुर्लक्ष करणं जड जातं. ज्या बाईने बाळाच्या हुंकाराला वर्षानुवर्षं उठून बसायची सवय लावून घेतली, तिची झोप कशी मोडणार नाही?

दुसरं कारण साधं आहे. मांजर त्यालाच उठवतं, जो उठतो. आणि घरात कोण उठतं? २०१९ साली भारत सरकारने देशभर पाहणी केली, कोणाचा दिवस कसा जातो याची. घरकामात भाग घेणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. त्यात मुळात घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष २६. मांजराला हे आकडे ठाऊक नाहीत, पण घर त्याने बरोबर ओळखलेलं असतं.

मग करायचं काय

आधी मांजराची तब्येत पाहा. शांत झोपणारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं, तर त्याला आजार असू शकतो. दहा वर्षांवरच्या मांजरात थायरॉइड वाढणं, मूत्रपिंड बिघडणं, रक्तदाब वाढणं, म्हातारपणी भ्रम होणं या सगळ्यांत रात्रीचं ओरडणं दिसतं. खूप खाऊनही वाळत चाललं, पाणी फार पिऊ लागलं, तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. बोका लघवीला बसतो, कुंथतो आणि होत नाही, असं दिसलं तर सकाळचीही वाट पाहू नका. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखानेही आहेत. मनाने औषध देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते आणि रात्र-रात्र आळवते. बोके दाराशी भांडतात. त्याला उपाय एकच, नसबंदीची शस्त्रक्रिया. तिने रात्रही शांत होते आणि दर दोन-चार महिन्यांनी पिल्लं कुठे सोडायची हा प्रश्नही मिटतो.

तब्येत ठीक असेल तर त्याची पाळी त्याला परत द्यायची, फक्त आपल्या वेळेत. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं आणि झोप, हा मांजराचा क्रम. म्हणून रात्री निजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्याला पळवा. काठीला बांधलेली चिंधी, कागदाचा बोळा पुरतो. खेळ झाला की दोरा उचलून ठेवा, गिळला तर आतड्यात अडकतो. दमलं की दिवसातलं मोठं जेवण तेव्हा द्या. दूध नको, मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, पोट बिघडतं आणि तेही रात्री उठवायला एक कारण होतं. मासळी, अंडं, उकडलेलं मटण-चिकन, बाजारातलं खाणं, जे परवडेल ते. पाणी आणि वाळूचं घमेलं स्वच्छ ठेवा. पहाटे खाण्यासाठी थोडे कोरडे दाणे खोक्यात, कागदाच्या पुडीत लपवून ठेवा, म्हणजे तुमच्याऐवजी ते पुडी शोधील. संध्याकाळी ते गाढ झोपलेलं दिसलं तर उठवून खेळवा.

आणि पहाटे हाक आली की उठायचं नाही. ओरडायचं नाही, चप्पल फेकायची नाही, लाड करायचे नाहीत. रागावणं हेही त्याच्या दृष्टीने उत्तरच. पहिले काही दिवस ते जास्तच ओरडेल, कारण आजवर चाललेली युक्ती चालेनाशी झाली की मांजर ती आधी जोराने करून बघतं. नेमकं याच वेळी बहुतेक जणी हरतात. सात दिवस सोसलं आणि आठव्या दिवशी उठून वाटी भरली, तर ते शिकतं की आठ दिवस ओरडावं लागतं. दोन-तीन आठवडे सगळ्यांनी एकच वागायचं. सकाळीही उठल्याबरोबर वाटी भरू नका. चहा करा, अंघोळ करा, मग खायला द्या, म्हणजे तुमचं उठणं आणि त्याचं खाणं यांची गाठ सुटते.

आता इथे घरातल्या माणसांचा भाग येतो. बाई पांघरूण ओढून निजून राहिली आणि मामंजींनी किंवा नवऱ्याने दया येऊन चारला दूध ओतलं, तर सगळं पाण्यात. किंवा उलट, "ते बघ की तुझं मांजर" म्हणून कूस बदलली, तर तेही तसंच. मांजर घराचं आहे. रात्रीचा खेळ आणि जेवण हे काम पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने अंगावर घ्यावं. दहा-पंधरा मिनिटांचं आहे, जड नाही. घरात कोणी गरोदर असेल तर वाळूचं घमेलं तिने साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला अपाय करतो.

एक सावधगिरी सांगतो. उठायचं नाही म्हणजे डोळे मिटून घ्यायचे असं नाही. मांजराची रोजची हाक आणि वेगळी हाक बाईच्या कानाला कळते. ते एका कोपऱ्याकडे बघून फुगलं, फिस्कारलं, हलेना, तर दिवा लावा, लांबून बघा, हात घालू नका. आपल्या भागात पावसाळ्यात घरात साप शिरतात. अशा वेळी जुना राखणदार कामावर आहे असं समजा. आणि झटापटीत मांजर चावलं, ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद-चुन्यावर थांबू नका. उंदरांना विष घालत असाल तर मांजर असलेल्या घरात ते नको. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरतं.

राहिलं पोतं. मांजर नदीपलीकडे सोडणं म्हणजे बहुधा त्याला उपाशी मारणं. जनावराला उपासमार होईल असं सोडून देणं १९६०च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जमतच नसेल तर गोठा असलेल्या, कडब्याच्या गंजी असलेल्या एखाद्या वस्तीवर, त्यांना विचारून द्या. तिथे त्याला अजून काम आहे.

मैत्रिणींनो, जात्यावरून उठून आपल्याला फार वर्षं झाली नाहीत. पहाटेची ती दोन-तीन तासांची झोप आपल्या आज्यांना मिळाली नव्हती, आपल्याला मिळाली आहे. ती मांजरानेही घेऊ नये आणि माणसांनीही. मांजराला रीत लावता येते. घरातल्या माणसांनाही लावता येते, त्याला जरा जास्त आठवडे लागतील. आज रात्री जेवायला बसाल तेव्हाच ठरवून टाका, मनीला झोपण्याआधी कोण खेळवणार आणि कोण खाऊ घालणार.